कोंढरीच्या पुलाची थरथर

"आणि तुझं हे यंत्र 'मला माहीत नाही' असं कधी म्हणतं?" बाईंनी विचारलं.

प्रणीत हसला. हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता. परिषदांमध्ये नाही, बांधकाम खात्याच्या बैठकीत नाही.

"तसं म्हणायची वेळच येत नाही, बाई. ते उत्तर काढतंच."

"दर वेळी?"

"दर वेळी."

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि नदीकडे पाहत राहिल्या.

इंदुमती फडतरे यांनी हयातभर सरकारी इंजिनियरिंग कॉलेजात पूल शिकवले. पूल कसे उभे राहतात हे सगळेच शिकवतात. बाई ते कसे पडतात हे शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर शहरातलं घर भाच्याच्या हवाली करून त्या कोंढरीला आल्या आणि नदीकाठच्या मठात एक खोली घेऊन राहिल्या. मठात राहून त्या जप करत नसत की प्रवचनाला बसत नसत. तरी जुने विद्यार्थी वाट वाकडी करून यायचे. कुणी पाया पडायला, कुणी मनातलं बोलायला.

डॉ. प्रणीत धायगुडे निराळ्याच कारणाने आला होता. आपण बाईंच्या पुढे गेलो, हे बाईंना कळावं म्हणून.

खोलीच्या ओट्यावरून कोंढरीचा पूल समोर दिसत होता. पावसाळ्यात त्याच्यावरून पुराचं पाणी गेलं होतं. पाणी ओसरलं, एस.टी. पुन्हा सुरू झाली, आणि उतारू कुरकुरू लागले. पूल पूर्वीपेक्षा जास्त थरथरतो, पुलाच्या मध्यावर पोटात गोळा येतो, असं बायाबापड्या सांगू लागल्या. खात्याने पूल बंद केला आणि प्रणीतला बोलावलं.

प्रणीतची विद्या अशी होती. प्रत्येक पुलाची स्वतःची एक थरथर असते. पूल कुठे कमजोर झाला की ती थरथर मंदावते, झोके सावकाश पण मोठे होतात. प्रणीत पुलावर ठिकठिकाणी सेन्सर बसवून ती मोजायचा. मग त्याचा संगणक हजारो खोटे पूल रचायचा. कुणाची ही तुळई कमजोर, कुणाची ती. ज्या खोट्या पुलाची थरथर खऱ्यापासून लांब, तो बाद. जे जवळ येतील, त्यांच्या आसपास आणखी नवे पूल. पाखरांचा थवा दाण्यावर उतरावा तसे ते सगळे हळूहळू एका जागी गोळा व्हायचे. ती जागा म्हणजे दुखणं. प्रणीत त्याला 'थवा' असंच म्हणायचा.

कोंढरीच्या पुलावर थवा मधल्या खांबापासून पलीकडे जाणाऱ्या तुळईवर उतरला. त्या तुळईला खालून पोलादी पत्रे ठोकले गेले. पुन्हा मोजलं तेव्हा थरथर सुधारली होती. पूल सुरक्षित असल्याचा दाखला प्रणीतने दिला. उद्या सकाळी पूल उघडणार होता. कारखान्याचा हंगाम तोंडावर आला होता आणि उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून पलीकडच्या तीरावर थांबून होते.

"तुळईला तडा दिसला का?" बाईंनी विचारलं.

"दिसले की. बारीक होते, पण होते."

"बाकीच्या तुळयांना?"

"केसासारखे तडे सगळ्याच जुन्या तुळयांना असतात, बाई."

"हं. खांबाखाली कुणी उतरून पाहिलं?"

"उपअभियंता मुजावर म्हणत होते, पाणबुडे बोलावू. पाणी गढूळ होतं, शिवाय महिना गेला असता. मीच नको म्हटलं. थवा स्पष्ट सांगत होता ना."

"थव्याला खांबांबद्दल विचारलं होतंस?"

"खांब घट्ट धरलेले आहेत."

"कुणी?"

"म्हणजे?"

"कुणी धरलेत?"

ओट्याखालून एक कुत्रं उठून निघून गेलं.

"गणितात," तो म्हणाला. "मी. खांब जमिनीत पक्के आहेत असं मी धरलंय. सगळेच धरतात. नाहीतर अज्ञात गोष्टी इतक्या वाढतात की..."

"लॅपटॉप आणलायस?"

"आणलाय."

"उघड. एक खोटा पूल रच. सगळ्या तुळया धडधाकट ठेव. एकही तडा नको. फक्त मधल्या खांबाचा पाय थोडा ढिला कर."

"किती?"

"तुझी ती पहिली मोजणी आहे ना, पुरानंतरची? तेवढी थरथर येईपर्यंत."

हे काम प्रणीतच्या डाव्या हातचं होतं. त्याने पाय ढिला केला, आणखी केला, आणि पुरानंतरच्या मोजणीशी जुळणारे आकडे हातात आले. ते फार लवकर जुळले. एवढं लवकर जुळायला नको होतं, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

"आता हे आकडे थव्याला दे," बाई म्हणाल्या. "खऱ्या पुलावरून आलेत असं सांगून."

तेव्हा प्रणीतला त्यांचा रोख कळला. त्याची बोटं कीबोर्डवर थबकली. नाही म्हणायला एखादं कारण सापडतं का, हे तो पाहत होता. सापडलं नाही.

लॅपटॉपचा पंखा घरघरू लागला. बाई आत गेल्या आणि निवडायला घेतलेल्या तांदळाचं ताट घेऊन बाहेर आल्या. पडद्यावर ठिपके भिरभिरत होते. आधी विखुरलेले, मग जरा दाट. मग ते एका जागी येऊ लागले.

मधल्या खांबापासून पलीकडे जाणारी तुळई.

तीच तुळई. कमजोरीही जवळपास तेवढीच. तिच्यात तडा नव्हता. तो त्यानेच ठेवला नव्हता. तरी थवा नेमका तिच्यावरच उतरला होता आणि आकडे छान जुळले होते. इतके छान, की हे चित्र कुणी त्याच्यासमोर ठेवलं असतं तर त्याने डोळे मिटून दाखला दिला असता.

तो दिलाच होता.

"पुन्हा चालवतो," तो म्हणाला.

"चालव."

पुन्हा तेच.

हंगामाचे ट्रॅक्टर प्रणीतच्या मनात आलेच नाहीत. आली ती चाचणी. दुरुस्तीनंतर त्याने वाळूने भरलेले ट्रक पुलाच्या मध्यावर, खांबाच्या बरोबर वर उभे करायला लावले होते. थरथर नीट मोजता यावी म्हणून इंजिनं बंद ठेवली होती. मोजणी लांबली, तेव्हा एका ड्रायव्हरने केबिनमध्येच फडकं सोडून भाकरी खाल्ली होती. खाता खाता त्याने खाली प्रणीतला हात करून विचारलं होतं, झालं का साहेब. प्रणीतने हाताने सांगितलं होतं, थांब अजून.

"यावरून खांब ढिला आहे असं सिद्ध होत नाही," तो म्हणाला.

"नाही होत."

"एवढंच होतं की... तुळई असेल किंवा खांब असेल. पत्रे ठोकले की थरथर दोन्ही वेळी सुधारणारच. थव्याला फरक कळत नाही."

"आणि तुला?"

"मला माहीत नाही, बाई."

बाईंनी ताट बाजूला ठेवलं. मठाच्या विहिरीचा दोर रहाटाशी गुंडाळलेला होता, तो त्यांनी प्रणीतला सोडवायला लावला. कोठीतून तराजूचं एक लोखंडी वजन आणून त्याच्या टोकाला बांधायला सांगितलं. प्रणीतने गाठ मारली. बाईंनी ती ओढून पाहिली, सोडली आणि स्वतः बांधली.

पुलाच्या तोंडाशी उद्यासाठी मांडव घातला होता. कमानीला झेंडूच्या माळा लागल्या होत्या. पहारेकरी बाईंना ओळखत होता, त्याने साखळी काढून दिली. ऊन कललं होतं. मोकळ्या पुलावर दोघांच्या चपला वाजत होत्या. या पुलावरून प्रणीत कितीतरी वेळा फिरला होता, पण आज प्रत्येक पाऊल टाकताना तो खालून काही ऐकू येतं का ते ऐकत होता.

अलीकडच्या खांबापाशी बाई थांबल्या. "सोड."

त्याने कठड्यावरून दोर सोडला. वजन पाण्यात गेलं, थोडं आणखी खाली गेलं, आणि दोर सैल पडला. टेकलं होतं. बाईंनी पदराच्या काठाची एक चिंधी फाडून दोराला कठड्याच्या उंचीवर बांधली.

"नकाशात मधल्या खांबाजवळचा तळ किती खोल आहे?"

"जवळपास एवढाच. वीतभर जास्त असेल."

मधल्या खांबापाशी नदी शांत होती. बाकी पात्रात पाणी दगडांवरून खळाळत होतं, पण इथे ते हिरवं होतं आणि कसलाच आवाज करत नव्हतं.

प्रणीतने दोर सोडला.

चिंधी त्याच्या हातातून सुटली आणि खाली जाऊ लागली. ती पाण्याला टेकली. पाण्यात गेली. दोर ताणलेलाच होता. तो आणखी सोडत राहिला. ओलसर काथ्या तळहातावरून सरकत होता आणि वजन खाली चाललं होतं. आता टेकेल, असं त्याला वाटायचं. टेकत नव्हतं. त्याला हात आखडून घ्यावासा वाटला. जणू खालून कुणी ओढत होतं.

मग हातात दोराचं टोक आलं.

टोक आलं आणि दोर अजूनही ताठ होता. वजन कुठेच टेकलं नव्हतं. त्या दोघांच्या पायाखाली पुलाचा पृष्ठभाग होता, त्याखाली खांब होता, आणि खांबाखाली...

"बाई, इथून चला," प्रणीत म्हणाला. "आत्ता चला."

"दोर ओढून घे आधी. मठाचा आहे."

त्याने दोर ओढून घेतला. घाईत तो दोनदा निसटला. बाई कठड्याला टेकून उभ्या राहिल्या, त्याच खांबावर, दोराची गुंडाळी पुरी होईपर्यंत. त्यांचाही चेहरा उतरला होता, हे त्याच्या लक्षात आलं. घाबरल्या त्याही होत्या. फक्त हलल्या नव्हत्या.

पुलावरून उतरल्यावर मांडवाशेजारी उभं राहून त्याने मुजावरांना फोन लावला.

"बोला साहेब," मुजावर म्हणाले. आवाज खुशीत होता. "खुर्च्या उतरल्या. पालकमंत्री साडेनऊला येतायत. तुमचा सत्कार आहे."

"पूल उघडू नका."

पलीकडे मागचा गलका ऐकू येत होता. मुजावर चालत कुठेतरी बाजूला गेले असावेत. गलका कमी झाला.

"काय म्हणालात?"

"मधल्या खांबाखाली तळ लागत नाही. पुराने पायाखालचं सगळं खरवडून नेलं असणार. दुखणं तुळईचं नाही. पाणबुडे बोलवा."

"धायगुडे साहेब." मुजावर फार हळू बोलत होते. "पाणबुडे मी मागितले होते. तुम्ही नको म्हणालात. काल तुम्ही सही करून दिलीत की पूल सुरक्षित आहे."

"काल मी चुकलो."

"आणि आज चुकत नाही, हे कशावरून?"

प्रणीतने बाईंकडे पाहिलं. बाई मांडवाच्या खांबाला धरून चपलेतला खडा काढत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"ते मला माहीत नाही," तो म्हणाला. "म्हणूनच बंद ठेवा."

मुजावर म्हणाले, "माझी मेव्हणी पलीकडे दिलीय. उद्या पहिल्या एस.टी.ने माहेरी येणार होती, लेकरं घेऊन." आणि फोन ठेवला.

पूल उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी मांडवात जमलेल्या माणसांनी प्रणीतला नको नको ते ऐकवलं. काल धडधाकट, आज मोडका, ही कसली विद्या, असं एकाने सर्वांदेखत विचारलं. ट्रॅक्टरवाले अंगावर धावून आले. त्यांना लांबच्या पुलावरून वळसा घालावा लागणार होता आणि तोवर ऊस वाळणार होता. प्रणीत उभा राहून ऐकत होता. त्यांच्या ओरडण्याची त्याला भीती वाटली नाही. भीती पाठीमागे उभी होती, कमानीपलीकडे, झेंडूच्या माळा घालून.

त्याच आठवड्यात पलीकडची एक अडलेली बाई होडीतून आणावी लागली. मध्यावर होडी वाऱ्याने फिरली, तेव्हा काठावरची माणसं पुलाकडे बोट दाखवून प्रणीतच्या नावाने बोटं मोडत होती. ती वेळेत पोचली आणि तिला सुखरूप मुलगी झाली. पण ती पोचेपर्यंत प्रणीत काठावर उकिडवा बसून होता, आणि बसल्या जागी तो काय पुटपुटत होता ते त्याचं त्यालाच ठाऊक.

मग पाणबुडे आले. पहिला खाली गेला तो लवकर वर आला. होडीच्या काठाला धरून तो बराच वेळ नुसता दम खात राहिला. मग म्हणाला, "पायाखाली हात घातला. खांद्यापर्यंत घातला. पलीकडे काही लागत नाही." थोडं थांबून म्हणाला, "मी पुन्हा त्याच्याखाली जाणार नाही."

खांब एका बाजूने उरलेल्या खडकावर टेकून उभा होता. का उभा होता, हे कुणालाच सांगता आलं नाही. पाणबुड्यांचा अहवाल हातात आल्यावर मुजावरांनी फोन केला. आभार मानले नाहीत की दोष दिला नाही. एवढंच म्हणाले, "ते ट्रक आपण उभे केले होते साहेब. मीही तिथेच होतो."

काम उन्हाळा संपत येईपर्यंत चाललं. नदी वळवली, पोकळी भरली, खांबाला नवा पाया दिला. प्रणीतने थवा मोडून पुन्हा बांधला. आता खांबाचे पाय ढिले होऊ शकत होते, तुळयांखालचे सरकते टेकू अडकू शकत होते, ऊन-थंडी आकडे बदलू शकत होती. आता थवा एका जागी उतरेनासा झाला. तो कधी इथे बसायचा, कधी तिथे, कधी दोन-चार ठिकाणी विखरून राहायचा. पूर्वी प्रणीतला याचा राग आला असता. आता थवा ज्या ज्या जागी बसेल, त्या प्रत्येक जागी तो स्वतः जाऊन यायचा. दोराला बांधून घेऊन तुळयांखाली लोंबकळला. पोहायला येत नव्हतं, ते शिकला, आणि एकदा पाणबुड्याचा हात धरून खांबाच्या पायथ्याशी उतरला. वर आला तेव्हा त्याचे दात वाजत होते. पाणी थंड होतं, असं त्याने काठावरच्यांना सांगितलं.

बायको म्हणाली की तू झोपेत हाताने काहीतरी सोडत असतोस, आणि ते संपत नाही.

पूल उघडण्याच्या आदल्या दिवशी तो पुन्हा मठात आला. बाई ओट्यावर बसल्या होत्या. या वेळी त्याने लॅपटॉप उघडला नाही.

"दाखला लिहिलाय," तो म्हणाला. "दिला नाही अजून."

"का?"

"सगळं तपासलं, बाई. जे सुचलं ते सगळं. दुसऱ्या दोघांकडूनही तपासून घेतलं. कुठे काही सापडत नाही."

"मग?"

"मागच्या वेळीही सापडलं नव्हतं."

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला.

"भीती कशाची वाटते?"

"जे मी विचारलंच नाही त्याची. खांबांबद्दल मी विचारलं नव्हतं. या वेळी कशाबद्दल विचारलं नाही, ते मला कसं कळणार? माझ्यानंतर कोण विचारणार? मागच्या वेळी दाखला दिला त्या दिवशी मी गाढ झोपलो होतो, बाई. ते आठवलं की अंगावर काटा येतो."

बाई पुलाकडे पाहत होत्या. नव्या पायाभोवती नदी वळसा घालून चालली होती. पलीकडच्या तीरावर कुणीतरी म्हशी धूत होतं.

"तुम्ही एकदा आकडे पाहता का?" प्रणीतने विचारलं. "तुम्ही हो म्हणालात तर..."

"मी हो म्हणाले तर?"

ओट्यावरची सावली भिंतीपाशी गेली. मग बाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, दाराला कडी घातली आणि पायऱ्या उतरून चपला शोधू लागल्या. प्रणीत धडपडत उठला.

"कुठे निघालात, बाई?"

"हात दे," त्या म्हणाल्या. "मला पुलावरून पलीकडे जायचंय."